तीन चाळीस ते साडेपाच

"ही गोष्ट झाली, सुरवसेबाई. अभ्यास कुठाय?"

हत्तुरे सरांनी माझी फाइल टेबलावरून माझ्याकडं सरकवली. शनिवारची दुपार होती. वर्गात आम्ही अकरा जण. तीन-चार निवृत्त फौजी, एक बँकेच्या गाडीवरचा बंदूकवाला, बाकीचे दुकानांचे आणि दवाखान्यांचे सुपरवायझर. बाई मी एकटीच. सुरक्षा व्यवस्थापनाच्या पदवीचं तिसरं, शेवटचं वर्ष. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे, तिथल्या गेटवर मी तेव्हा सुरक्षा इनचार्ज होते. आठवडाभर ड्युटी करायची आणि शनिवार-रविवार या बाकावर येऊन बसायचं, असं अडीच वर्षं चाललेलं. वय एकोणचाळीस. ह्या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली.

"सर, सगळं लिहिलंय की," मी म्हटलं. "माल काय होता, कुणाकडं सापडला, कसा सापडला..."

"तेच म्हणतोय. 'सापडला' इथून तुम्ही सुरुवात केलीय." सर रेल्वे सुरक्षा दलातून निवृत्त झालेले. आवाज कधी चढायचा नाही. "चोर सापडला की माणसाचं डोकं काम करायचं थांबतं. मला वेळेचा तक्ता पाहिजे. वस्तू किती वाजता कुठं होती, माणूस किती वाजता कुठं होता. आठवणीतून लिहायचं नाही, कागदावरून लिहायचं. प्रत्येक ओळीपुढं कुठलं रजिस्टर, कितवं पान. तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही असं समजा."

"पण मला माहीत आहे, सर. मीच पकडलं होतं तिला."

"म्हणूनच सांगतोय."

मागच्या बाकावरचे फौजी शिंगाडे खुदकन हसले. मला राग आला. अंतिम प्रकल्पासाठी प्रत्येकानं स्वतः हाताळलेली एक घटना घ्यायची होती, आणि मी माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी घटना घेतली होती. त्या घटनेनं मला साध्या गार्डची इनचार्ज केलं होतं. इतरांसारखं सायकलचोरीवर नव्हतं लिहिलं मी.

घटना चार वर्षांपूर्वीची. आमचे टॉवेल परदेशात जायचे आणि तिकडच्या कंपनीची विणलेली लेबलं त्याला शिवली जायची. टॉवेलपेक्षा त्या लेबलांची काळजी जास्त. लेबल बाहेर गेलं की कुणीही कसल्याही टॉवेलला लावून विकणार, म्हणून ती स्टोअरमध्ये जाळीच्या आत कुलपात असायची आणि पाकिटावर नंबर असायचा. त्या उन्हाळ्यात दोन पाकिटं नाहीशी झाली होती. सगळ्यांवर डोळा ठेवा, असा वरून निरोप होता. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी साडेपाचला पाळी सुटताना, मी एका बाईची डब्याची पिशवी उघडली, तर डब्याखालच्या फडक्यात लेबलांचं पाकीट.

ती पद्मावती मादगुंडी. टॉवेलच्या कडा शिवायच्या मशिनवर होती, अकरा वर्षं. पूर्व भागातल्या तेलुगू पद्मशाली विणकर घरातली, पंचेचाळिशीची. बायका तिला पद्माक्का म्हणायच्या. शांत बाई. कुणाशी भांडण नाही, कधी उशीर नाही.

"ए बाई, हे काय?" मी विचारलं होतं. चांगलं आठवतं, 'ए बाई' म्हटलं होतं.

तिनं पाकिटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "माझं न्हाई ते."

"तुझं नाही ते मलाही दिसतंय. पिशवीत कसं आलं?"

"मला माहीत न्हाई, मॅडम. देवाशपथ माहीत न्हाई."

तिच्या मागं दीडशे बायकांची रांग उभी होती. ती रडली नाही. एवढंच तीन-चार वेळा म्हणाली. मला ते निगरगट्टपणाचं वाटलं. मी पंचनामा लिहिला, पाकिटाचा नंबर टाकला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं. पोलिसांत दिलं नाही, हेच उपकार, असं सगळे म्हणाले. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली माझा सत्कार झाला आणि दिवाळीच्या आत मी इनचार्ज झाले.

सरांना तक्ता पाहिजे होता. दिला असता तक्ता, त्यात काय. दुसऱ्या दिवशी रविवारी वर्ग सुटल्यावर मी तशीच कारखान्यात गेले. रविवारी मशिनं बंद असतात. जुनी रजिस्टरं ठेवायच्या खोलीची किल्ली माझ्याकडंच असायची. वर्षांप्रमाणं बांधलेले गठ्ठे काढले, टेबल पुसलं, कागदावर पट्टीनं रेघा मारल्या आणि एकेक ओळ भरायला घेतली.

पद्मावती आत आली, सात बावन्न. गेट रजिस्टर. पिशवी जमा केली, सात त्रेपन्न. आमच्याकडं बायकांनी पिशवी आत न्यायची नाही असा नियम होता. गेटच्या खोलीत मांडणी होती, तिथं पिशवी ठेवायची आणि पितळी बिल्ला घ्यायचा. साडेबाराला जेवायला पिशवी घेतली. एकला परत जमा केली. तिथून ती थेट साडेपाचला माझ्या टेबलावर आली. मांडणीतली पिशवी आम्ही स्वतःच्या हातानं काढून, टेबलावर उघडून, तपासून मग बाईला द्यायचो. मध्ये तिचा हात लागायचा नाही.

सगळ्यांचा समज असा होता की तिनं पाकीट पोलक्यात लपवून आणलं आणि जेवणाच्या सुट्टीत पिशवीत घातलं. माझ्या पहिल्या फाइलमध्येही मी तसंच लिहिलं होतं. आता फक्त पाकीट स्टोअरमधून कधी निघालं ती वेळ टाकायची राहिली होती. सकाळी दहा-अकराची असणार. मी स्टोअरचं रजिस्टर उघडलं. पंचनाम्यातला नंबर होता एकशे अठरा.

पाकीट क्रमांक एकशे अठरा. पॅकिंगकडे दिले. वेळ तीन चाळीस.

मी दुसरं पान बघितलं. तारीख बघितली. पंचनामा पुन्हा काढला; माझंच अक्षर, एकशे अठरा, आकड्यात आणि अक्षरात. तीन चाळीसला ते पाकीट जाळीच्या आतून बाहेर आलं होतं. पिशवी एक वाजल्यापासून गेटच्या खोलीत होती. मशिनखात्याचं उत्पादनाचं पत्रक काढलं. पद्मावती एकपासून पाच पंचवीसपर्यंत मशिनवर, दर अर्ध्या तासाला तिच्या डझनांची नोंद, एकही सुटलेली नाही.

म्हणजे ते पाकीट तिच्या पिशवीत ती स्वतः घालूच शकत नव्हती. कागद माझ्यापुढं चार वर्षं पडून होते. पाकीट आणि वेळ कुणी शेजारी ठेवून बघितलं नव्हतं. सापडलं ना, मग झालं.

तीन चाळीस ते साडेपाच या वेळात गेटमधून बाहेर गेलेले तिघे होते. एक ड्रायव्हर, एक मेकॅनिक, एक स्टोअरमधला मदतनीस. तिघांपैकी कुणीतरी, कशासाठी तरी, भीतीनं म्हणा की नंतर काढून घेऊ म्हणून, हाताला येईल त्या पिशवीत ते सारलं असणार. कोण ते मला तेव्हा कळलं नाही, आजही माहीत नाही. तिघंही केव्हाच नोकरी सोडून गेले होते.

शेवटची ओळ राहिली. पिशव्यांजवळ कोण होतं? ड्युटी रजिस्टरमध्ये दर तासाला सही करायची असते. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचही सह्या माझ्या. चारच्या सहीकडं बघत मी किती वेळ बसले, ते मात्र कुठल्या रजिस्टरात नाही.

पुढच्या शनिवारी वर्ग सुटल्यावर सरांनी तक्ता वाचला. बोट प्रत्येक ओळीवरून फिरवत, सावकाश. तीन चाळीसवर थांबलं, परत वर गेलं, परत खाली आलं. त्यांनी चष्मा काढला.

"पिशव्यांजवळ तुम्ही होता?"

"हो, सर."

"सतत?"

बाहेर शिपाई वर्गांच्या खिडक्या लावत होता. एक, दोन, तीन खिडक्या.

"हो, सर. सह्या आहेत."

"सह्या दिसतायत." ते म्हणाले. "मग दोनच गोष्टी होऊ शकतात, बाई. एक तर ते पाकीट तुम्ही ठेवलंत. किंवा हा तक्ता खोटा आहे."

मी तक्ता उचलून फाइलमध्ये घातला.

"पहिली मला खरी वाटत नाही," सर म्हणाले. "घरी जा. तोंडी परीक्षा अठरा तारखेला आहे, अकरा दिवस आहेत अजून. घटना बदलायची असली तर बदला, मी नाही म्हणणार नाही. दोन दिवसांत सायकलस्टँडवरही लिहून होतं. पण हीच ठेवायची असेल, तर ती ओळ नीट करून आणा."

घरी मी ह्यांना तक्त्याचं सांगितलं. ह्यांचं दिगंबर नाव, शहरातल्या शाळेची रिक्षा चालवायचे. माणूस सरळ. भाकरी मोडता मोडता ऐकून घेतलं.

"वाईट झालं गं," म्हणाले. "पण आता चार वर्षं झाली. अकरा दिवसांनी पदवी हातात येतीय. आधी पदवी घे, मग कुणाला काय सांगायचं ते सांग. पळून चाललीय का ती बाई?"

बोलणं खोटं नव्हतं. रविवारचा वर्ग मी चुकवला नाही, पण काय शिकवलं ते कानात शिरलं नाही. ती बाई कुठं पळून चाललीय, हेच घुमत होतं. सोमवारी सुट्टी टाकली आणि जुन्या फॉर्मवरचा पत्ता काढून पूर्व भागात गेले.

गल्ली हातमागाच्या जुन्या घरांची होती. आता माग थोडे आणि विड्या जास्त. दाराच्या उंबऱ्याशी तीन बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. मधली पद्मावती. केस पांढरे झाले होते. मला ओळखायला तिला क्षणही लागला नाही. हात मात्र थांबला नाही. पान कापलं, तंबाखू भरली, वळलं, दोरा गुंडाळला.

"काय पायजे?"

"पद्माक्का, थोडं बोलायचं होतं. आत..."

"हितंच बोला. माझं काय लपवायचं ऱ्हायलंय?"

शेजारच्या दोघी उठायला लागल्या. तिनं तेलुगूत काहीतरी म्हटलं आणि त्या परत बसल्या. मी पायरीवर टेकले. घोटून घेतलेली वाक्यं सगळी विसरले.

"तुम्ही ते पाकीट घेतलं नव्हतं. मला कागदावर सापडलंय. ते पाकीट तीन चाळीसला स्टोअरमधून निघालं आणि तुमची पिशवी एकपासून गेटवर होती. तुम्ही घालूच शकत नव्हता."

तिनं हातातली विडी सुपात ठेवली. दुसरं पान घेतलं.

"मला तर त्याच दिवशी माहीत होतं," ती म्हणाली. "तुमाला चार वर्सं लागली."

"हो."

"मग कोणी घातलं?"

"ते नाही कळलं."

"तुमी तिथंच होता की. टेबलाला बसून होता. तुमाला न्हाई दिसलं?"

हाच प्रश्न सरांनी विचारला होता आणि मी सह्या दाखवल्या होत्या. इथं दाखवायला काही नव्हतं.

"मी तिथं नव्हते," मी म्हटलं. "चारला पाच मिनिटं कमी असताना मी गेले ते चार वीसला आले. खोलीचं दार नुसतं ओढून घेतलं होतं. चारची सही मी परत आल्यावर केली."

"कुठं गेला होता?"

"ऑफिसात."

"काय काम?"

"माझा बारावीचा निकाल होता त्या दिवशी. मी बाहेरून परीक्षा दिली होती. लग्नानं शिक्षण राहिलं होतं माझं, पोरगी मोठी झाल्यावर परत सुरू केलं. सकाळपासून कॉम्प्युटरवर निकाल उघडत नव्हता. पावणेचारच्या पुढं क्लार्कनं खिडकीतून हात केला, उघडलंय, या लवकर. मी गेले. एकसष्ट टक्के होते. त्यांनी मला छापून दिला तो कागद. दोन-दोनदा वाचला मी. मग चहा पाजला त्यांनी."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ह्यांनाही निकाल घरी जाऊन सांगितला होता, ऑफिसातली वीस-पंचवीस मिनिटं सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी मी टेबलावर परत बसले तेव्हा माझ्या पर्समध्ये तो कागद होता. त्याच आनंदात मी बायकांच्या पिशव्या उघडत होते. आणि पाकीट सापडल्यावर मी जागेवर नव्हते, हे जर बोलले असते, तर त्याच दिवशी चौकशी तिच्याऐवजी माझी झाली असती. मी बोलले नाही. मग चार वर्षांत ते नुसतं न बोलणं राहिलं नाही, मला स्वतःला खरं वाटायला लागलं की मी तिथंच होते.

पद्मावतीनं सूप बाजूला ठेवलं. पदरानं हात पुसले.

"निकालाला गेला त्यात काय वाईट न्हाई," ती म्हणाली. "माणूस जातो. पण माझ्याकडं बघून तुमी 'ए बाई' म्हटला. त्येवढं नको होतं."

"माफ करा मला."

"माफ करून काय करू? माझा नवरा दोन वर्सापूर्वी गेला. मरंपर्यंत मला म्हणायचा, मी इश्वास ठेवतो तुझ्यावर. रोज म्हणायचा. इश्वास असता तर रोज कशाला म्हटला असता?"

शेजारच्या दोघींचे हात थांबले होते. गल्लीत कुठंतरी एक माग खटखट चालला होता, तेवढाच आवाज.

"तुमी हितं येऊन मला सांगितला, बरं केला. पण मला सांगून काय? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत न्हाई त्यांना सांगा. माझ्या मागं रांगेत उभ्या होत्या त्यांना सांगा. गेटवर ती काच हाय ना, सूचना लावायची, तिथं माझं नाव लावलं होतं आठ दिवस. तिथं लावा."

"साहेबांना विचारते."

"माझं नाव लावायला कुणाला इचारलं होतं?" एवढं बोलून तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

तरी मी विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी करंदीकर साहेबांच्या केबिनमध्ये तक्ता ठेवला. साहेब कामगार खातं बघायचे. माणूस वाईट नव्हता. माझी फी कंपनीनं भरावी म्हणून त्यांनीच शब्द टाकला होता. त्यांनी तक्ता नीट बघितला आणि उलटा करून ठेवला.

"सुरवसे, हे तुम्ही कॉलेजला दाखवलंय?"

"सरांनी बघितलंय. फाइल अजून दिली नाही."

"देऊ नका. दुसरं काहीतरी लिहा. पुढच्या महिन्यात परदेशी कंपनीची माणसं तपासणीला येतायत. कामावरून काढलेली बाई निर्दोष होती आणि गार्ड जागेवर नव्हती, हे त्यांच्या कानावर गेलं तर काय होईल, कळतंय का? तीनशे बायका आहेत आत. त्यांच्या पोटावर पाय द्यायचाय?"

"नाही, साहेब. नुसता एक कागद लावायचा आहे, गेटवरच्या काचेत."

"आणि त्यात काय लिहिणार, मी सही नंतर केली म्हणून? तुमची नोकरी जाईल. मला घालवावी लागेल." त्यांचा स्वर खाली आला. "कॉलेजला आपण प्रकल्पाचं परवानगीपत्र दिलंय. ते मी मागं घेतलं, तर तुमचं वर्ष जातं. मला ते करायला लावू नका. अठरा तारीख होऊ द्या. पदवी घ्या, मग निवांत बसून बोलू. त्या बाईला काही मदत करता येते का बघू. गुपचूप."

ह्यांनी सांगितलं तेच साहेबांनी सांगितलं. शहाण्या माणसांचं एकमत होतं. आणि मला कळत होतं की अठरा तारीख झाली की तपासणी असेल, तपासणी झाली की पगारवाढ असेल. दरवेळी काहीतरी असेल. चार वर्षं अशीच गेली होती, आणि त्यातला एकही दिवस मला जड गेला नव्हता.

संध्याकाळी मी सरांना फोन केला. म्हटलं, "सर, ती ओळ नीट केलीय. मी तिथं नव्हते."

"बरं," सर म्हणाले.

"कंपनी परवानगीपत्र काढून घेईल बहुतेक."

सर म्हणाले, "पत्राशिवाय फाइल मला घेता येणार नाही. तो नियम मी तुमच्यासाठी मोडू शकत नाही."

"मोडा म्हणायला फोन नाही केला, सर."

"माहीत आहे. अकरापैकी तक्ता एकट्या तुमचाच नीट झालाय, सुरवसेबाई. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."

कागद मी घरी बसून लिहिला. मुलीनं, ऋतुजानं, तो दोनदा वाचला आणि एक वाक्य खोडलं. मी लिहिलं होतं 'माझ्याकडून चूक झाली'. तिनं केलं, 'मी चूक केली'. दिगंबरांनीही तो वाचला. सकाळी नेहमीपेक्षा लवकर उठून रिक्षा पुसली आणि म्हणाले, "चल, आज मी सोडतो तुला गेटपर्यंत. आणि त्या बाईंनाही घेऊन येऊ, एवढ्या लांब चालत कशा येतील?"

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते. नोकरी त्याच दिवशी गेली. परवानगीपत्र दोन दिवसांत गेलं. अठरा तारखेला माझे दहा सोबती तोंडी परीक्षेला बसले, शिंगाडेंचा पहिला नंबर आला. मी सात महिने घरी होते, मग एका दवाखान्यात रोजंदारीवर गार्ड म्हणून लागले, साध्या गार्डच्या जागेवर. दुसऱ्या वर्षी त्या दवाखान्याच्या दारावर प्रकल्प केला आणि पदवी घेतली. परदेशी कंपनीची माणसं आली, बघून गेली, कारखाना आजही चालू आहे. पद्माक्कांना कामावर परत बोलावलं का, तर साहेबांनी बोलावलं होतं, खरंच. त्या गेल्या नाहीत.

त्या सकाळी पावणेआठला मी काचेचं कुलूप उघडलं. आतल्या सगळ्या सूचना काढल्या आणि मधोमध तो एकच कागद लावला. आठच्या पाळीच्या बायका यायला लागल्या होत्या. एक थांबली, तिच्यामागची थांबली. हळूहळू गेटसमोर गर्दी जमली. ज्यांना वाचता येत होतं त्या वाचत होत्या, बाकीच्या त्यांना विचारत होत्या. त्यातल्या पन्नास-साठ तरी त्या दिवशी रांगेत होत्या.

पद्मावती रिक्षातून उतरली. धुवून घडी घातलेलं जांभळं लुगडं नेसली होती. बायकांनी वाट केली. कुणी 'पद्माक्का' म्हणून हाक मारली, तिनं मान वळवली नाही. सरळ काचेपुढं येऊन उभी राहिली, कागदाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"मला मराठी वाचायला येत न्हाई," ती म्हणाली. "वाचा तुमी."

मी हळू आवाजात वाचायला लागले.

"मोठ्यानं," ती म्हणाली. "मागं ऐकू जात न्हाई."

मी काचेकडं पाठ केली. कागद मला पाठ होता. बायकांकडं तोंड करून मी सुरुवातीपासून म्हटलं, तारीख, पाकिटाचा नंबर, तीन चाळीस, माझी ती पंचवीस मिनिटं, मागाहून केलेली सही. पुढच्या ओळीला ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, तिचं तोंडही बायकांकडं.

"श्रीमती पद्मावती नरसय्या मादगुंडी यांनी चोरी केलेली नाही."

"हे परत," ती म्हणाली.

मी परत म्हटलं. तिनं हात वर करून गर्दीच्या शेवटच्या टोकाकडं दाखवलं, तिथं आत्ताच रिक्षातून उतरलेल्या बायका मान उंच करून बघत होत्या. मी आणखी मोठ्यानं म्हटलं. तिच्या ओठांची हालचाल होत होती, ती मराठी वाक्य शब्दाशब्दानं स्वतःशी लावून घेत होती.

चौथ्यांदा म्हणत होते तेव्हा करंदीकर साहेबांची गाडी गेटशी येऊन थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. बायका बाजूला झाल्या नाहीत. पद्मावतीनं गाडीकडं एकदा बघितलं.

"थांबू नका," ती मला म्हणाली. "त्यांनापण ऐकू द्या."